‘ते देउम’ : एक प्राचीन ख्रिस्ती स्तोत्र

ईशावास्य आणि केन हीं उपनिषदें ज्याप्रमाणें त्यांच्या आरंभींच्या शब्दांवरून ओळखलीं जातात, त्याप्रमाणेंच ख्रिस्ती उपासनेंतील एक फार जुनें स्तुतिस्तोत्र त्याच्या पहिल्या दोन लॅटिन शब्दांवरून ‘ते देउम’ या नांवानें जगभर प्रसिद्ध आहे. यांतील ‘ते’ म्हणजे ‘तुला’, आणि ‘देउम’ हें ‘देव’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाचें द्वितीयेचें रूप. ‘नमस्ते’ म्हणतांना जो ‘ते’ मराठी माणसाच्या मुखांतून सहज बाहेर पडतो त्याचाच हा दूरचा भाऊबंद. आणि ‘देउम’ व ‘देव’ यांचें नातें तर सांगावयासहि नको. स्तोत्र लहानसें आहे. अवघे एकोणतीस चरण. सावकाश म्हटलें तरी चार-पांच मिनिटांत संपावें. परंतु या चार-पांच मिनिटांच्या स्तोत्रानें युरोपच्या दीड हजार वर्षांच्या इतिहासांत जें स्थान मिळविलें, तें फार थोड्या कवनांच्या वांट्यास आलें असेल.

मराठी घरांत एखादें मंगल कार्य निर्विघ्नपणें पार पडलें म्हणजे जशी आरती व्हावयाचीच, तसें युरोपांतील राजांच्या व नगरांच्या आयुष्यांत ‘ते देउम’ व्हावयाचेंच. राज्याभिषेक झाला, गाव ‘ते देउम’. राजपुत्र जन्मला, गाव ‘ते देउम’. तह झाला, लढाई जिंकली, सांथ ओसरली, तरी तेंच. कृतज्ञतेचा उच्चार करावयाचा म्हणजे हेंच स्तोत्र, असा जणुं पायंडाच पडून गेला होता.

या पायंड्याशीं निगडित असलेली एक दुःखद गोष्ट संगीताच्या इतिहासांत नेहमीं सांगितली जाते. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्यावर १६८६ सालच्या नोव्हेंबरांत एक अवघड शस्त्रक्रिया झाली व तो तींतून बरा झाला. त्या आनंदाप्रीत्यर्थ त्याचा दरबारी संगीतकार लुली यानें १६८७ सालच्या ८ जानेवारी रोजीं पॅरिसमधील एका देवळांत स्वतः रचलेलें ‘ते देउम’ मोठ्या थाटानें सादर केलें. त्या काळीं ताल देण्यासाठीं लांब काठी जमिनीवर आपटण्याची रीत होती. तालाच्या भरांत ती काठी लुलीच्या स्वतःच्याच पायाच्या बोटावर बसली. जखम चिघळली, विष पायांत चढलें, आणि २२ मार्च रोजीं लुली मरण पावला. राजाच्या आरोग्याबद्दल देवाचे आभार मानतां मानतां गायकांचा नायक आपल्या प्राणांस मुकला! या स्तोत्राच्या इतिहासांत आनंद आणि मरण यांची अशी गांठ वारंवार पडलेली आहे, आणि ती गांठ स्तोत्राच्या शब्दांतच कशी आहे हें पुढें दिसून येईल.

स्तोत्राच्या जन्माविषयीं एक गोड कथा युरोपांत शेंकडों वर्षें सांगितली जात असे. इसवी सन ३८७. ईस्टरच्या आदली रात्र. उत्तर इटलींतील मिलान शहरीं बिशप अँब्रोज हे ऑगस्टिन नांवाच्या बत्तीस वर्षांच्या विद्वान् अध्यापकास बाप्तिस्मा देत होते. ऑगस्टिनची तरुणपणाचीं वर्षें अनेक पंथ धुंडाळण्यांत व विलासांत गेलीं होतीं. त्याची माता मोनिका हिनें त्याच्यासाठीं कित्येक वर्षें अश्रु ढाळले होते. संस्कार होतांच अँब्रोजच्या मुखांतून स्फूर्तीनें एक चरण निघाला, ऑगस्टिननें त्यास तितक्याच स्फूर्तीनें दुसरा चरण जोडला, आणि याप्रमाणें गुरुशिष्यांनीं आळीपाळीनें तेथल्या तेथें सबंध स्तोत्र पूर्ण केलें, अशी ही कथा. याच कथेमुळें जुन्या पुस्तकांत या स्तोत्रास ‘अँब्रोजचें स्तोत्र’ असेंहि म्हटलेलें आढळतें.

कथा मोठी मनोहर आहे. परंतु ती खरी मानतां येत नाहीं. ऑगस्टिननें ‘कबुलीजबाब’ या आपल्या सुप्रसिद्ध आत्मचरित्रांत मिलान येथील त्या दिवसांचें वर्णन केलें आहे. तेथील देवळांत गाइलीं जाणारीं स्तोत्रें ऐकून आपल्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा लागत, असें तो मोकळ्या मनानें सांगतो; परंतु आपण स्वतः स्तोत्र रचल्याचा एक अक्षरानेंहि उल्लेख करीत नाहीं. ही कथा प्रथम लिहिलेली सांपडते ती नवव्या शतकांत, म्हणजे त्या प्रसंगानंतर सुमारें पांचशें वर्षांनीं. तिसरा पुरावा रचनेचा. अँब्रोजचीं खरीं स्तोत्रें छंदोबद्ध आहेत. त्यांचे चार-चार चरणांचे श्लोक ठरीव मात्रांच्या चालींत नेमके बसतात. ‘ते देउम’ मात्र छंदांत नाहीं. तें लययुक्त गद्य आहे. बायबलांतील स्तोत्रसंहितेप्रमाणें त्याचें वाक्य एका श्वासांत निम्मे अंतर तोडतें, क्षणभर विसावतें आणि मग पुरें होतें. अभंग आणि उपनिषदांतील गद्य यांत जो फरक, तोच येथें आहे. कान तयार असलेल्या वाचकास तो तत्काळ उमगतो.

मग कर्ता कोण? १८९४ सालीं जर्मेन मोरँ नांवाच्या बेनेडिक्टाइन विद्वानानें रेमेसियाना येथील बिशप निकेता याचें नांव पुढें केलें. कांहीं जुन्या आयरिश हस्तलिखितांत निकेताचें नांव या स्तोत्राशीं जोडलेलें होतें, हा त्याचा मुख्य आधार. रेमेसियाना म्हणजे आजच्या सर्बिया देशांतील बेला पालांका हें लहानसें गांव. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन साम्राज्याच्या त्या सरहद्दीवर निकेता आपल्या लोकांस गीतांच्या साह्यानें धर्म शिकवीत असे. हें मत अनेकांनीं उचलून धरलें. पुढील पिढींतील विद्वानांनीं त्यावर शंका घेतल्या आणि स्तोत्राचें मूळ ईस्टरच्या रात्रीच्या प्रार्थनेंत शोधलें. आज बहुतेक अभ्यासक या स्तोत्रास अज्ञातकर्तृक म्हणणेंच पसंत करितात. त्याचा सर्वांत जुना उपलब्ध पाठ आयर्लंडमधील बँगर येथील मठांत सातव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या पोथींत आहे. ती पोथी पुढें इटलींतील बोबियो मठांत आली, आणि सतराव्या शतकाच्या आरंभीं मिलान येथें नव्यानें स्थापन झालेल्या ग्रंथालयांत दाखल झाली. त्या ग्रंथालयाचें नांव ‘अँब्रोसियाना’, म्हणजे त्याच बिशप अँब्रोजच्या नांवावरून ठेवलेलें! ज्याचें कर्तृत्व इतिहासानें काढून घेतलें, त्याच्याच नांवाच्या छताखालीं योगायोगानें ती पोथी सुखरूप राहिली आहे.

स्तोत्राचे तीन भाग स्पष्ट दिसतात. पहिला भाग अखंड स्तुतीचा. प्रथम गाणारे उपासक, मग सारी पृथ्वी, मग देवदूत, करूब व सराफ अशी ही स्तुति वर वर चढत जाते. यशया संदेष्ट्यास झालेल्या दर्शनांत सराफांनीं ‘पवित्र’ हा शब्द त्रिवार उच्चारला होता. तोच त्रिवार उच्चार येथें येतो. त्यानंतर मानवांची पाळी. प्रेषितांचा मेळा, संदेष्ट्यांचा समुदाय आणि शुभ्र वस्त्रें ल्यालेली रक्तसाक्ष्यांची सेना अशा रांगांमागून रांगा पुढें येतात, व शेवटीं जगभर पसरलेली ख्रिस्तमंडळी पिता, पुत्र व पवित्र आत्मा या त्र्यैक्याची थोरवी गाते. पंढरीच्या वाटेवर एकामागून एक दिंड्या येऊन मिळाव्यात व सर्वांचा घोष एक व्हावा, तसा हा भाग वाटतो.

दुसरा भाग पुत्राला, म्हणजे ख्रिस्ताला उद्देशून आहे. त्यानें मानवाच्या उद्धारासाठीं कुमारीच्या उदरीं जन्म घेण्यांत कमीपणा मानला नाहीं. मृत्यूची नांगी मोडून त्यानें विश्वासणाऱ्यांस स्वर्गाचीं दारें मोकळीं केलीं. तो पित्याच्या उजवीकडे आहे, आणि न्याय करण्यासाठीं पुन्हां येणार आहे. हा न्यायाचा उल्लेख येतांच स्तोत्राचा सूर पालटतो. आतांपर्यंत जयघोष होता, आतां विनवणी सुरू होते. तिसरा भाग तर सर्वस्वीं विनवणीचाच असून त्यांतील बहुतेक वचनें स्तोत्रसंहितेंतून घेतलेलीं आहेत. हा भाग मूळ स्तोत्रास मागाहून जोडला गेला असावा असें विद्वान् मानतात. आजच्या दिवशीं पापापासून राख, दया कर, अशी याचना त्यांत आहे. आणि सर्वांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अगदीं शेवटच्या चरणांत आहे. आरंभापासून जे गाणारे ‘आम्ही’ म्हणत होते, ते तेथें एकाएकीं ‘मी’ म्हणूं लागतात. मीं तुझ्यावर भार टाकला आहे, मला फजीत होऊं देऊं नको, अशा अर्थाच्या एकवचनी प्रार्थनेंत स्वर्ग व पृथ्वी व्यापून राहिलेला तो प्रचंड घोष संपतो.

असें हें स्तोत्र आरंभीं मठांतील रात्रीच्या उपासनेंत म्हटलें जाई. संत बेनेडिक्ट यानें सहाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आपल्या मठवासीयांसाठीं जे नियम घालून दिले, त्यांत रविवारच्या पहांटेपूर्वींची दीर्घ उपासना संपत आली म्हणजे मठाधिपतीनें ‘ते देउम’ला प्रारंभ करावा, असें सांगितलें आहे. थंडींत, अंधारांत, झोंपेशीं झगडत स्तोत्रें व वाचनें ऐकलेल्या साधूंना हा स्तोत्रध्वनि काकडआरतीसारखा उजाडल्याची वर्दी देत असला पाहिजे. पुढें सोळाव्या शतकांत ख्रिस्ती मंडळींत फूट पडली, तरी हें स्तोत्र कोणींहि टाकलें नाहीं. मार्टिन लूथरनें लोकांस गातां यावें म्हणून १५२९ सालीं त्याचें जर्मन रूपांतर केलें, आणि १५३८ सालीं ख्रिस्ती श्रद्धेच्या तीन मूळ सूत्रांवर पुस्तिका लिहितांना त्यांत या स्तोत्राला स्थान दिलें. इंग्लंडांत १५४९ सालीं निघालेल्या पहिल्या प्रार्थनापुस्तकांत सकाळच्या उपासनेसाठीं त्याचें इंग्रजी भाषांतर नेमून दिलें गेलें. ज्या काळांत एका पंथाचे लोक दुसऱ्या पंथाच्या लोकांना जाळीत होते, त्या काळांत दोन्ही पंथांच्या ओठांवर हें एकच स्तोत्र होतें.

येथेंच या स्तोत्राच्या इतिहासांतील कठीण प्रश्न उभा राहतो. मठांतून तें राजवाड्यांत व छावणींत गेलें, तेव्हां त्याचें काय झालें? शेक्सपियरच्या ‘पांचवा हेन्री’ या नाटकांत अ‍ॅजिनकोर्टची लढाई जिंकल्यावर राजा ‘ते देउम’ गाण्याची आणि मृतांना मूठमाती देण्याची आज्ञा एकाच श्वासांत देतो. थोर संगीतकार हँडेल यानें १७१३ सालीं उट्रेख्टच्या तहाप्रीत्यर्थ ‘ते देउम’ रचलें, तें शांततेसाठीं होतें. पण १७४३ सालीं डेटिंगनच्या लढाईनंतर त्यानें दुसरें रचलें, तें विजयासाठीं. तुताऱ्या व नगारे यांनीं दुमदुमणारी ती रचना ऐकतांना डेटिंगनच्या शेतांत पडलेल्यांची आठवण सहसा कोणास होत नाहीं.

याहूनहि भयंकर प्रसंग १५७२ सालचा. त्या वर्षीं २४ ऑगस्ट रोजीं, संत बार्थोलोम्यूच्या सणाच्या दिवशीं, पॅरिसमध्यें ह्युगेनॉट नांवाच्या प्रॉटेस्टंट लोकांची कत्तल सुरू झाली. ती पुढें अनेक शहरांत पसरली व हजारों माणसें मारलीं गेलीं. ती बातमी रोमला पोंचली तेव्हां पोप तेरावा ग्रेगरी याच्या आज्ञेनें ‘ते देउम’ गाइलें गेलें. राजाविरुद्धचा कट मोडला गेला, अशीच बातमी प्रथम रोमला कळविली गेली होती, असें त्याच्या बाजूनें सांगितलें जातें. तें कांहीं असलें, तरी ज्यांच्या घरांतून प्रेतें निघालीं त्यांच्या कानांना तें स्तोत्र कसें लागलें असेल याची कल्पनाच करवत नाहीं. पुढें १७५९ सालीं व्हॉल्टेअरनें आपल्या ‘कॅन्दीद’ या कादंबरींत या रूढीवर असा कांहीं डंख मारला कीं तो आजहि झोंबतो. त्यानें लढाई संपल्यावर दोन्ही शत्रु-राजे आपापल्या छावणींत एकाच वेळीं ‘ते देउम’ गाववीत आहेत असें दाखविलें आहे. दोघेहि जिंकले असतील, तर हरलें कोण?

तेव्हां दोष स्तोत्राचा कीं गाणाऱ्यांचा? उत्तर स्तोत्राच्या शब्दांतच आहे. त्यांत कोणत्याहि राजाचें नांव नाहीं, देशाचें नांव नाहीं, शत्रूचें तर नाहींच. त्यांत माणसांची सेना म्हणून एकच येते, आणि ती मारणाऱ्यांची नाहीं, मारल्या गेलेल्यांची आहे. रक्तसाक्षी हे रणांगण जिंकून आलेले वीर नव्हत. सत्तेपुढें न वांकतां स्वतःचे प्राण दिलेलीं तीं माणसें होत. त्यांच्यामागून लगेच न्यायाधीशाचें आगमन येतें. ज्या कोणीं विजयाच्या उन्मादांत हें स्तोत्र म्हटलें, त्यानें नकळत स्वतःवरच न्यायासन बोलावलें. १९९७ सालीं पोप दुसरे जॉन पॉल हे पॅरिसमध्यें असतां, त्याच सणाच्या पूर्वसंध्येस, २३ ऑगस्ट रोजीं, जमलेल्या लक्षावधि तरुणांसमोर त्यांनीं त्या कत्तलीचा खेदानें उल्लेख केला. चारशें पंचवीस वर्षांनंतर का होईना, त्या जयघोषानंतरचा विनवणीचा भाग जणुं तेव्हां उच्चारला गेला.

थोर संगीतकारांना हा भेद बरोबर कळला होता. फ्रान्समध्यें शार्पांतिए यानें सतराव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या ‘ते देउम’चा तुताऱ्यांचा आरंभ १९५४ सालापासून युरोपांतील दूरचित्रवाणीच्या संयुक्त प्रक्षेपणांची खूण म्हणून वाजविला जाऊं लागला, स्तोत्राचें नांवहि न ऐकलेल्या कोट्यवधि लोकांस ती सुरावट ओळखीची आहे. बर्लिओझ यानें १८५५ सालीं पॅरिसच्या सेंट युस्टाश देवळांत सुमारें नऊशें गायक-वादकांकरवीं आपली रचना सादर केली. हे झाले भव्यतेचे उपासक. परंतु इटलीचा वृद्ध संगीतनाटककार व्हेर्दी यानें ब्याऐंशी वर्षांच्या वयांत हेंच स्तोत्र हातीं घेतलें, तेव्हां त्यानें निराळा विचार केला. हें स्तोत्र म्हणजे आरंभापासून अंतापर्यंत नुसता आनंदकल्लोळ, अशी रूढ समजूत आहे. परंतु मध्यापासून त्याचा रंग बदलतो व शेवटीं भीति आणि करुणा उरते, अशा आशयाचें पत्र त्यानें १८९६ सालीं एका मित्रास लिहिलें. त्याप्रमाणेंच त्यानें रचना केली. दोन मोठे गायकवृंद व वाद्यवृंद यांचा गजर ओसरल्यावर शेवटीं एकाच स्त्रीचा आवाज उमटतो, आणि मग वाद्यांचे मंद सूर विरून जातात. त्या शेवटच्या ‘मी’चा अर्थ त्या वृद्धानें असा ओळखला. या रचनेची प्रत आपल्याबरोबर शवपेटींत ठेवावी, अशी त्याची इच्छा होती असें सांगतात. १९०१ सालच्या जानेवारींत तो निवर्तला.

महाराष्ट्राशींहि या स्तोत्राचा संबंध आहे. मुंबईंतील सेंट थॉमसचें देऊळ १७१८ सालच्या नाताळांत उपासनेसाठीं उघडलें. इंग्रजी प्रार्थनापुस्तकाबरोबर हें स्तोत्रहि तेथें आलें. रोमन कॅथॉलिक उपासना तर पोर्तुगीजांबरोबर वसई-गोव्यास त्यापूर्वींच रुजली होती. परंतु परक्या भाषेंतील स्तुति ओठांवर बसली, तरी हृदयांत उतरण्यास स्वभाषाच लागते. फादर स्टीफन्स या इंग्रज जेसुइटानें १६१६ सालीं ‘ख्रिस्तपुराण’ ओंव्यांत प्रसिद्ध केलें, आणि पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं अभंग व भजनें रचून मराठी ख्रिस्ती मंडळीच्या तोंडीं तिची स्वतःची स्तुति दिली, तें याच जाणिवेनें. लूथरनें जर्मन लोकांसाठीं जें केलें, तेंच हें कार्य होतें.

आजहि रोमन कॅथॉलिक परंपरेंत ३१ डिसेंबरच्या सायंकाळीं, सरत्या वर्षाबद्दल आभार मानण्यासाठीं, ‘ते देउम’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्या सायंकाळीं देवळांत जमलेल्यांपैकीं कोणाच्या घरीं त्या वर्षीं पाळणा हालला असेल, कोणाच्या घरीं माणूस गेलें असेल. कोणास नफा झाला असेल, कोणाची नोकरी सुटली असेल. तरी सर्वजण एकच स्तोत्र म्हणतात. आरंभींच्या स्तुतींत जे मनापासून सामील होऊं शकत नाहींत, त्यांच्यासाठीं शेवटची विनवणी आहे; आणि जे आनंदांत आहेत, त्यांनाहि ती म्हणावीच लागते. कृतज्ञतेच्या शेवटीं मान खालीं घालावयाची, हा पाठ कोण्या अज्ञात कवीनें व त्याच्या स्तोत्रास शेवटचे चरण जोडणाऱ्या तितक्याच अज्ञात हातांनीं घालून ठेवला आहे. राजांनीं तो अनेकदां विसरला. साध्या उपासकांनीं तो पिढ्यान् पिढ्या म्हटला, म्हणूनच तें स्तोत्र राहिलें.